हात वर म्हणजे थांबा

१७ नोव्हेंबर, दुपार

तीर्थरूप काका,

नमस्कार. पत्रात आधी खुशाली लिहावी, मग विषय, हे तुम्हीच शिकवलंत. पण आज आधी तुमचा प्रश्न. त्या दिवशी सभा संपल्यावर ऑफिसच्या जिन्यात तुम्ही मला विचारलंत, "त्या बायका तुझ्या कोण लागतात?" मी जिना उतरून निघून गेले. तुम्हाला वाटलं, पोरगी वरमली. तसं नव्हतं. तो प्रश्न मी अजून सोबत घेऊन फिरते आहे.

आता खुशाली. मी बरी आहे. खोकला गेला. जेवण वेळेवर होतं, इथे जेवल्याशिवाय कुणी सोडतच नाही. तुमचा गुडघा कसा आहे? शेकायची रबरी पिशवी माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, निघताना बाहेर काढून ठेवायची राहिली. काकूला रागावू नका. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. ती फक्त दारात उभी राहून माझी बॅग बघत होती. मग आत गेली आणि माझी उशी आणून बॅगेत कोंबली. चेन लागेना तेव्हा बॅगेवर स्वतः बसली. एवढाच तिचा गुन्हा.

वर पत्ता नाही हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. तो शेवटी लिहीन. आधी लिहिला असता तर तुम्ही पुढचं वाचलं नसतं.

काका, हे पत्र मी तुम्हाला सभेचं इतिवृत्त म्हणून लिहिते आहे. ऑफिसात मला ते लिहू दिलं नाहीत. बराचसा भाग तुमच्या डोळ्यांसमोर घडला, तरी सगळा लिहिते. डोळ्यांसमोर घडलेलं माणूस नाकारू शकतो, हे मला आता कळलंय.

मला ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही ऑफिसात सगळ्यांना सांगत होतात, "आमच्या घरातली पहिली पदवीधर." पाणी भरायला येणाऱ्या माणसालाही सांगितलंत. मला लाज वाटायची आणि आतून गुदगुल्याही व्हायच्या. आपल्या धुलाई संस्थेचे सभासद इतक्या गावांत विखुरलेले. मोठ्या सभेला येणं म्हणजे कामावरची रजा, मुलांची सोय, प्रवास. त्यामुळे सभेला यायचे ते नेहमीचेच चार लोक, आणि बोलायचे अध्यक्ष. माझ्याकडे काम आलं की सभा व्हिडिओवर सुरू करायच्या. अध्यक्षांना ते खर्च वाचवायचं साधन वाटलं. मला वाटलं, आता इस्त्रीच्या टेबलावरची बाई जागेवरून न हलता थेट अध्यक्षांशी बोलेल. हसू नका. मी खरंच असंच समजत होते, आणि आजही माझं मत तेच आहे.

केंद्राकेंद्रावर मी काय शिकवत फिरले ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. घरी आल्यावर तुम्ही विचारायचात, "झालं का सगळं ठीक?" आणि मी "झालं" म्हणायचे. आता सांगते.

बॉयलरवाले मामा पहिल्या दिवशी फोनसमोर असे बसले जसे ओळखपत्राचा फोटो काढायला बसतात. श्वाससुद्धा जपून. आम्ही सगळे म्हणतोय, रेंज गेली, चित्र अडकलं. फोन बंद करून पुन्हा लावला, तरी मामा तसेच. शेवटी त्यांना शिंक आली तेव्हा कळलं की रेंज उत्तम होती. एका केंद्रात फोन छताकडे तोंड करून ठेवायचे. दोन सभा आम्ही पंखा बघत काढल्या. आणि तुमच्या अध्यक्षांचं कपाळ. नुसतं कपाळ. लॅपटॉप जरा वर उचला असं मी तीनदा सांगितलं, तेव्हा म्हणाले, कपाळ महत्त्वाचं असतं. मग मी त्यांच्या लॅपटॉपखाली जुन्या अहवालांचा गठ्ठा ठेवला. तेव्हापासून त्यांचं तोंड दिसायला लागलं. कधी कधी वाटतं, कपाळच ठेवायला हवं होतं.

जुन्या केंद्रात जायला मी सगळ्यात जास्त उत्सुक होते आणि सगळ्यात जास्त घाबरलेही होते. लहानपण तिथल्या मागच्या खोल्यांमध्ये गेलेलं. आई-बाबांच्या मागे तुम्ही आणि काकूने मला तिथेच वाढवलंत, तुम्ही तेव्हा चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर होतात, मुख्य कार्यालयात नंतर गेलात. केंद्रात शिरले तर तोच वाफेचा आणि निळीचा वास, तीच ओली फरशी, आणि घडीच्या टेबलाशी कांजीआत्या. केस पिकलेत, बाकी तशीच. कापडाला कांजी देऊन देऊन माणूसही तसाच ताठ झालाय, म्हणून तिला हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत म्हणे. तिने मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "ही मॅडम आपल्या नळावर उघडी नाचायची." सगळं केंद्र हसलं. माझी मॅडमकी तिथेच धुऊन निघाली.

तिला फोन वापरायला शिकवणं हा वेगळाच प्रकार. दिवसभर हात ओले, आणि ओल्या बोटाला फोन काही केल्या ओळखेना. ती बटण दाबतेय, फोन ढिम्म. हात पुसायचे तर आजूबाजूला सगळं कापड दुसऱ्याचं आणि धुतलेलं. तिने इकडेतिकडे बघितलं, वाकली आणि नाकाने बटण दाबलं. लागलं. त्या दिवसापासून कांजीआत्या बोलायला लागायच्या आधी पडद्यावर तिचं नाक यायचं. बाकीच्या केंद्रांना ते पाठ झालं होतं. नाक आलं की सगळे सरसावून बसायचे.

मी त्यांना साध्या साध्या गोष्टी सांगितल्या. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, नाहीतर तुमची नुसती सावली दिसते. विषय आदल्या दिवशी सगळ्यांना कळू द्या. बोलायच्या आधी आपलं नाव सांगा. जो बराच वेळ बोललेला नाही त्याला नाव घेऊन विचारा. बोलत नसाल तेव्हा आपला आवाज बंद ठेवा, म्हणजे यंत्रांचा गोंगाट इतरांना ऐकू जाणार नाही. आणि सभा बंद करण्याआधी, कितीही उशीर झालेला असो, एकदा विचारायचंच: कुणाचं काही राहिलंय का?

हे शेवटचं वाक्य मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही. काकू जेवायला वाढताना भांडं आत नेण्याआधी विचारते ते.

आणि ते चाललं, काका. बॉयलरवाले मामा वाफेच्या नळ्यांबद्दल बोलले, आणि नळ्या बदलल्या गेल्या. घडीच्या टेबलाची उंची वाढली. लहान केंद्रातली एक मुलगी, जी मी गेले तेव्हा खांबामागे लपली होती, ती एका सभेत म्हणाली की गठ्ठे बांधायची दोरी हाताला कापते. पट्टे आले. लोक म्हणायला लागले, फोनवरच्या सभेत खरं काहीतरी होतं. मी रात्री झोपताना स्वतःवर खूश असायचे.

आता त्या दिवसाचं.

जुनं केंद्र बंद करून सगळं काम गावाबाहेरच्या नव्या यंत्रशाळेत न्यायचा ठराव होता. नव्या यंत्रांना माणसं कमी लागतात. जुन्या केंद्रातल्या सभासदांनी "अर्ज करावेत" एवढंच ठरावात होतं. ठराव आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवायला हवा होता. मला तो सभा सुरू व्हायच्या थोडा वेळ आधी मिळाला. मी अध्यक्षांना म्हणाले, हे कुणी वाचलेलं नाही. ते म्हणाले, म्हणून तर मी वाचून दाखवणार आहे. मग त्यांनी सांगितलं, आज सगळ्यांचे आवाज तूच बंद कर, आणि त्यांना ते उघडता येणार नाहीत असं कर; जुन्या केंद्रात यंत्रं चालू आहेत, काही ऐकू येणार नाही.

यंत्रं चालू होती हे खरं. हॉस्पिटलच्या चादरी सभेसाठी थांबत नाहीत. आवाज बंद ठेवायचा नियमही माझाच. मी ते केलं. मला वाटलं, ठराव वाचून झाला की चर्चा होईल आणि मी एकेकाचा आवाज उघडीन. खोलीत आपण तिघंच. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला तुम्ही, डाव्या हाताला मी आणि लॅपटॉप.

अध्यक्ष वाचत होते. मी पडद्याकडे बघत होते. लहान केंद्रं मुकाट ऐकत होती. जुन्या केंद्राच्या चौकटीत सगळ्या जणी एकाच फोनसमोर दाटीवाटीने उभ्या, मागे रोलर फिरतोय. "केंद्र बंद करण्यात येईल" हे शब्द आले आणि कांजीआत्याचा हात वर गेला. उघडा पंजा, डोक्याच्या वर, बोटं जुळलेली. मग शेजारणीचा. मग सगळ्यांचे. बॉयलरवाले मामा मागून पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

अध्यक्षांनी वाचन संपवलं आणि म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. जुन्या केंद्राचे हात तर आधीपासून वरच होते. ते बघून लहान केंद्रांनीही केले. अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनाही एवढं सोपं जाईल असं वाटलं नसावं. म्हणाले, ठराव सर्वानुमते मंजूर.

काका, मी पाच वर्षांची होते. मागच्या अंगणात तुम्ही बादली घेऊन चालायचात आणि मी अचानक हात वर करायचे. पंजा उघडा, बोटं जुळलेली. तुम्ही जिथे असाल तिथे थिजायचात, एक पाय हवेत. मी हात खाली घेईपर्यंत हलायचं नाही हा नियम होता. मी मुद्दाम हात खाली घ्यायचे नाही. बादलीतलं पाणी हिंदकळायचं, काकू आतून ओरडायची, आणि तुम्ही डोळ्यांनी विनवायचात. मी विचारलं होतं, तुम्ही का थांबता? तुम्ही म्हणालात, कारखान्यात आवाज असतो, तोंडाने सांगितलेलं ऐकू येत नाही. हात वर म्हणजे थांबा. हात वर दिसला की कोण, का, कशाला, काही विचारायचं नाही. आधी यंत्र बंद करायचं.

ज्या दिवशी तुमची बाही रोलरमध्ये गेली, त्या दिवशी कांजीआत्याचा हात वर गेला होता. तिचा बघून पुढचीचा, तिचा बघून त्याच्या पुढचीचा, थेट मुख्य बटणापर्यंत. म्हणून फक्त बाही गेली. ती गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की अजून मला रोलरचा तो थांबतानाचा आवाज पाठ आहे, जो मी कधी ऐकलेलाच नाही.

म्हणून त्या दिवशी मला एका नजरेत कळलं. त्या केंद्राबाहेरच्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. फक्त त्या खोलीतल्या दोघांना शक्य होतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टेबलाकडे बघत होतात, आणि तुमचा उजवा हात मनगटावरून बाही खाली ओढत होता.

मग मी जुन्या केंद्राचा आवाज उघडला. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडून परवानगी गेली, की त्यांच्या फोनवर बटण येतं, ते त्यांना दाबावं लागतं. पडद्यावर कांजीआत्याचं नाक आलं. अध्यक्ष हसले, म्हणाले, हे काय चाललंय. आणि मग खोलीत एकदम त्या यंत्रांची घरघर भरली आणि त्या घरघरीवरून कांजीआत्याचा आवाज आला. "थांबवा म्हणतोय आम्ही. हात दिसत नाहीत का?"

तुम्ही अध्यक्षांच्या पुढून हात लांब केलात आणि लॅपटॉपचं झाकण मिटलंत.

खरं सांगते, मला आधी कळलंच नाही की ते तुम्ही केलंत. मला वाटलं अध्यक्षांनी केलं. त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं. मग झाकणावर ठेवलेला हात बघितला.

त्यानंतर अध्यक्षांनी मला इतिवृत्त सांगितलं. ठराव सर्वानुमते मंजूर, त्यानंतर तांत्रिक बिघाडामुळे संपर्क तुटला. मी म्हणाले, मी हे लिहिणार नाही. त्यांच्याकडे हात वर म्हणजे थांबा. ते होकार देत नव्हते. अध्यक्ष मोठ्याने हसले. सभेत हात वर म्हणजे होकार, जगात कुठेही जा, असं म्हणाले. मग तुमच्याकडे वळले. अगदी सहज विचारलं, तुम्ही इतकी वर्षं होतात ना तिथे, अशी काही खूण असते का?

मी तुमच्याकडे बघितलं नाही. मला खात्री होती म्हणून. माणूस पाणी पितो तेव्हा पेल्याकडे कुठे बघतो?

आणि तुम्ही म्हणालात, "पोरगी लहान आहे. लहानपणी काहीतरी ऐकलं असेल."

काका, मी हे वाक्य इथे जसंच्या तसं लिहिलंय. इतिवृत्तात एवढं एकच वाक्य खरं म्हणून लिहायला हवं होतं. लहानपणी ऐकलं होतं. तुमच्याच तोंडून.

जिन्यात तुम्ही मला बाजूला घेऊन समजावलंत. म्हणालात, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत. झाकण मिटलं नसतं तर अध्यक्षांनी तिथेच मला काढलं असतं. घरातली पहिली शिकलेली मुलगी, तिचं असं होऊ देणार नाही. जुनं केंद्र आज ना उद्या बंद व्हायचंच होतं. आणि मग तो प्रश्न, त्या तुझ्या कोण लागतात.

तुम्ही हे माझ्यासाठी केलंत यावर माझा विश्वास आहे. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. स्वतःसाठी केलं असतंत तर मी तुमच्याशी भांडून मोकळी झाले असते. पण मला शिकवलंत ते कशासाठी? ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने निदान त्यांचे हात तरी वाचता यावेत म्हणून ना? का फक्त एवढ्यासाठी, की बटण आपल्या घरातल्या माणसाच्या हातात यावं? नोकरी अशी वाचणार असेल, तर ती वाचवलेली नोकरी तुम्हीच घ्या. मला नको. मी हे रागाच्या भरात लिहीत नाहीये. राग येऊन गेला, मी एक रात्र जाऊ दिली, दुसऱ्या दिवशीही माझं म्हणणं तेच होतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत असेल. संस्थेच्या नियमांत आहे की पुरेशा सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा घ्यावीच लागते, आणि अशा सभेचा अध्यक्ष मागणी करणारे निवडतात. नियमांचं ते पुस्तक ऑफिसच्या कपाटात होतं, माझ्याच टेबलामागे, वरचा कागदही फाडलेला नव्हता. मी ते वाचलं आणि फोनवर कांजीआत्याला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आपणच आपली सभा बोलवायची? मी म्हणाले, हो. म्हणाली, मग इतके दिवस कुणाची बोलवत होतो?

मागणी गेली. सभा येत्या रविवारी सकाळी आहे. अध्यक्षांना नकार देता आला नाही. ते निवांत असतील, कारण हात पुन्हा मोजायचेच आहेत असं त्यांना वाटतंय. पण हात मोजायचे नाहीत. हे आम्ही इथे ठरवलंय. प्रत्येक सभासदाने फोनसमोर यायचं, आपलं नाव सांगायचं, आणि तोंडाने "हो" किंवा "नको" म्हणायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. कितीही वेळ लागला तरी. लहान केंद्रांनाही तसंच. ठराव आधीच सगळ्यांच्या हातात दिलाय, आणि पट्ट्यांवाल्या मुलीने तो त्यांच्या केंद्रात मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणते, त्या दिवशी आम्ही तुमचे हात बघून हात केले, तुम्ही खूश दिसत नव्हता हे नंतर लक्षात आलं.

आणि सभेपुरती यंत्रं थांबणार आहेत. हॉस्पिटलला कळवलंय, चादरी आदल्या दिवशी जातील. बॉयलरवाले मामा म्हणतात, या केंद्रात कामाच्या दिवशी शांतता म्हणजे काय असते हे त्यांनी बघितलेलं नाही, त्यांना भीती वाटते की आपलंच पोट वाजताना ऐकू येईल. मी म्हणाले, वाजू द्या, आवाज बंद करणार नाही.

तुम्ही येऊन साक्ष द्या असं मी म्हणणार नाही. त्या खुणेचा अर्थ काय हे तुमच्याकडून कुणी वदवून घेणार नाही. त्याची आता गरजच उरलेली नाही. त्या स्वतःच्या तोंडाने सांगणार आहेत. उलट मी कुणालाही सांगितलेलं नाही की झाकण कुणी मिटलं. कांजीआत्या समजते की रेंज गेली. तिला परवा कुणीतरी तुमच्याबद्दल खोचक बोललं तर तिने भिजलेला टॉवेल त्याच्या दिशेने भिरकावला आणि म्हणाली, तो आपल्यातला आहे, त्याच्या हाताला मी ओळखते. मला त्या क्षणी टेबलाखाली शिरावंसं वाटलं. तुमच्या वतीने, हे लक्षात घ्या.

मी तिला आयुष्यभर आत्या म्हणत आले. कुणी शिकवलं आठवत नाही, बहुतेक तुम्हीच. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. म्हणजे काकांचीही. तुम्ही मला विचारलंत, त्या तुझ्या कोण लागतात. मला खरंच माहीत नाही. पण ती तुमची कोण लागते, हे मात्र मला कधीच कुणाला विचारावं लागलं नाही.

तुम्ही अजून जुन्या केंद्राचे सभासद आहात. मुख्य कार्यालयात गेलात तरी तुमचं नाव तिथून काढलेलं नाही, मी यादीत बघितलं. म्हणजे रविवारी तुमचंही मत आहे. लिंक तुमच्या फोनवर पाठवली आहे. तुम्हाला आठवत असेल, सभेत येणाऱ्याला आधी बाहेर थांबावं लागायचं, कोणीतरी आत घेईपर्यंत पडद्यावर "कृपया प्रतीक्षा करा" दिसायचं. ते मी काढून टाकलंय. तुम्ही बटण दाबाल की थेट आत याल. कुणी विचारणार नाही, कोण आलं, का आलं. "नको" म्हणायला या, "हो" म्हणायला या, नाहीतर नुसते बसा. मी तुमचं मत वळवायला हे लिहीत नाही. तुम्ही "हो" म्हणालात तर मी ते नीट ऐकून लिहून घेईन, तुमचं बोलणं मधे न तोडता.

आपल्या दोघांची जी सभा त्या जिन्यात अर्धवट बंद पडली, ती मात्र मी माझ्या नियमाने बंद करते. काका, तुमचं काही राहिलंय का?

माझं राहिलं होतं, ते उरकलं. परवा सकाळी तुम्ही गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेला होतात, तेव्हा मी राजीनामा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला, सोबत ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड आणि कपाटाची किल्ली. लॅपटॉप उघडा ठेवून आले. मग जुन्या केंद्रात आले आणि कांजीआत्याच्या फोनवर सभेचं नवं खातं उघडलं, तिच्या नावाने. म्यूटचं बटण आता तिच्याकडे आहे. मलाही ती कधीही गप्प करू शकते. काल सरावात दोनदा केलंही, नाकाने. आज सकाळपासून मी घडीच्या टेबलावर आहे. चादरीची दोन टोकं मी धरते, दोन ती. माझी घडी अजून वाकडी येते.

पत्ता: जुनं केंद्र, मागच्या खोल्या, नळाजवळची दुसरी. आपलीच.

हात अजून वर ठेवून,
तुमची पुतणी